गॅसवाहिनीला अर्थिंग हवे, गॅसवाहिनी अर्थिंग नव्हे

मुंबई-पुण्यातील जुन्या सदनिकांमध्ये फ्रिज किंवा वॉशिंग मशीनच्या अर्थिंगसाठी नळाच्या लोखंडी पाइपला तांब्याची तार गुंडाळण्याची पद्धत बरीच वर्षे चालत आली. ती तेव्हाही चुकीचीच होती. पण पाइप सलग लोखंडी असे आणि जमिनीत उतरत असे, त्यामुळे निभावून जाई. पुढे दुरुस्तीच्या निमित्ताने पाण्याचे पाइप प्लॅस्टिकचे झाले. दुसरीकडे, १९९५ मध्ये स्थापन झालेल्या महानगर गॅसने मुंबईत नैसर्गिक वायू थेट स्वयंपाकघरात आणला आणि नंतर इतर शहरांतही ही सोय पोहोचली. परिणामी अनेक स्वयंपाकघरांत उघड्यावर दिसणारा धातूचा एकच पाइप उरला आहे, तो गॅसचा. गुंडाळायला सोयीचा म्हणून कोणी तार त्याला जोडली, तर धोका त्या एका घरापुरता राहत नाही.

येथे दोन गोष्टींची गल्लत होते. यंत्रात बिघाड झाला असता विद्युतप्रवाहाला जमिनीकडे किंवा पुरवठ्याच्या उगमाकडे परतण्यासाठी हक्काची वाट करून देणे म्हणजे अर्थिंग. घरातील धातूचे सर्व भाग, म्हणजे यंत्रांची आवरणे, पाण्याचे व गॅसचे पाइप, वाहकाने एकमेकांशी आणि मुख्य अर्थ-पट्टीशी जोडून त्यांच्यात विद्युतदाबाचा फरक राहू न देणे म्हणजे बाँडिंग, अर्थात समविभव जोडणी. धक्का बसतो तो दाबातील फरकामुळे. एक हात फ्रिजवर आणि दुसरा गॅसच्या पाइपवर असताना दोन्हींचा दाब सारखाच असेल, तर शरीरातून प्रवाह वाहण्याचे कारण उरत नाही. म्हणूनच गॅसवाहिनी अर्थिंगच्या व्यवस्थेला जोडलेली असावी. तिनेच अर्थिंगचे काम करावे, अशी अपेक्षा मात्र धरू नये.

हा फरक आकड्यांत पाहता येतो. वॉशिंग मशीनची फेजची तार आतून आवरणाला चिकटली आणि आवरणाचे अर्थिंग केवळ गॅसच्या पाइपला आहे, असे समजू. पाइपमार्गे जमिनीपर्यंतचा रोध १० ओहम धरला, तर २३० व्होल्टला २३ अँपिअर प्रवाह वाहील. १६ अँपिअरचा एमसीबी एवढ्या प्रवाहाने तात्काळ पडत नाही. त्याला कित्येक मिनिटे लागू शकतात. तेवढा वेळ यंत्र आणि पाइप दोन्ही 'जिवंत' राहतात. प्रत्यक्षात रोध १० ओहमपेक्षा बराच जास्त असण्याचीच शक्यता अधिक. शहरातील गॅसच्या भूमिगत वाहिन्या आता मोठ्या प्रमाणावर पॉलिथिलीनच्या असतात आणि पॉलिथिलीन वीज वाहून नेत नाही. इमारतीच्या भिंतीवरून चढणारा लोखंडी पाइप अशा वेळी जमिनीशी जोडलेलाच नसतो. तळमजल्यावरील एका यंत्राचा बिघाड त्याच उभ्या पाइपवरील सहाव्या मजल्याच्या शेगडीपर्यंत दाब पोहोचवू शकतो. वरच्या घरात विजेच्या ठिणगीने पेटणारी, नीट अर्थिंग केलेली शेगडी धातूच्या लवचिक नळीने जोडलेली असेल, तर सारा प्रवाह त्या नळीतून परतीची वाट शोधतो. ती नळी त्यासाठी बनवलेली नसते.

गॅस कंपनीचे कामगार पाइप सोडवताना किंवा कापताना कापाच्या दोन्ही बाजू आधी तात्पुरत्या वाहकाने जोडून घेतात, त्यामागेही हेच कारण आहे. पाइपमधून प्रवाह वाहत असेल, तर जोड सुटताक्षणी ठिणगी पडते. हवेत नैसर्गिक वायूचे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के असताना तो पेट घेतो आणि त्याला पुरणारी ठिणगी अगदीच क्षुल्लक असते.

भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस ३०४३ या अर्थिंगविषयक संहितेत (१९८७, सुधारित २०१८) समविभव जोडणीचा विचार केलेला आहे. ब्रिटनमध्ये बीएस ७६७१ या नियमावलीनुसार ही जोडणी मीटरच्या ग्राहकाकडील बाजूला, शक्यतो ६०० मिलिमीटरच्या आत आणि पाइपला फाटे फुटण्यापूर्वी करतात. घरांसाठी सहसा १० चौरस मिलिमीटरची हिरवी-पिवळी तार वापरली जाते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेतील २५०वे कलम दोन्ही गोष्टी स्पष्ट करते : घरातील धातूच्या गॅसवाहिनीचे बाँडिंग करावे, आणि भूमिगत गॅसवाहिनीचा अर्थ-इलेक्ट्रोड म्हणून वापर करू नये.

अमेरिकेत या प्रश्नाला आकाशातील विजेने निराळे वळण दिले. तेथील घरांत १९९०च्या दशकापासून पन्हळी स्टेनलेस स्टीलच्या लवचिक गॅसनळ्या मोठ्या प्रमाणावर बसवल्या गेल्या. त्यांच्या भिंतीची जाडी जेमतेम पाव मिलिमीटर. घरावर किंवा जवळपास वीज कोसळली की नळी आणि शेजारचा धातू यांच्यात ठिणगी उडून नळीला भोक पडते आणि गळणारा वायू तेथेच पेटतो. २००९च्या राष्ट्रीय इंधनवायू संहितेने या नळ्यांच्या बाँडिंगसाठी किमान ६ गेजची, म्हणजे सुमारे १३ चौरस मिलिमीटरची, तांब्याची तार आवश्यक ठरवली. तरीही २०१२ मध्ये टेक्सासमधील लबक येथे विजेनंतर लागलेल्या आगीत एका तरुणाचा मृत्यू झाला आणि केवळ बाँडिंग पुरेसे आहे का, हा वाद पुन्हा उफाळला. काही उत्पादकांनी विजेला अधिक तोंड देणारे वाहक आवरण असलेल्या नळ्याही बाजारात आणल्या आहेत.

आपल्याकडे मूळ दुखणे याहून साधे आहे : तीन पिनांच्या प्लगमागे अर्थची तारच जोडलेली नसते. परवानाधारक वायरमनकडून प्रत्येक सॉकेटचे अर्थिंग तपासून घेणे आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घेणे, हे पहिले काम. इमारतीचे अर्थिंग केवळ स्वतःच्या खड्ड्यावर अवलंबून असेल, तर आरसीसीबीला पर्यायच नाही. गॅसवाहिनीची जोडणी त्यानंतर, गॅस कंपनीला कळवून करावी. पट्टीखालचा रंग खरवडलेला असावा आणि जोड तपासता येईल असा उघडा ठेवावा. जस्ताचा थर दिलेल्या पाइपवर तांब्याची तार थेट गुंडाळली, तर ओल्या जागी पाइप गंजतो. तेथे योग्य धातूची पट्टीच हवी.

पाइपला टेस्टर लावल्यावर मिणमिणता दिवा लागणे हा निर्णायक पुरावा नसतो. प्रेरित दाबानेही तो लागतो. पण शेगडीला किंवा पाइपला हात लावताच झिणझिण्या आल्या आणि वायूचा वास नसेल, तर घराचा मुख्य स्विच बंद करावा, पाइपला पुन्हा हात लावू नये आणि त्याच उभ्या पाइपवरील शेजाऱ्यांना सांगावे. बिघाड त्यांच्यापैकी कोणाच्याही घरात असू शकतो. वास येत असेल, तर कोणत्याही स्विचला हात न लावता गॅसची झडप बंद करून, खिडक्या उघडून बाहेर पडावे आणि बाहेरूनच कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर दूरध्वनी करावा.