पेनाच्या कांडीत रंग कुठून आला?

आपल्या गटातल्या बायकांनी रेझिनची पेनं करायला घेतली, ही गोष्ट मागच्या भागात सांगितली होती. साच्यात रेझिन ओतायचं, घट्ट झालं की कांडी निघते. ती कांडी कातारी लेथवर कातून देतो. मध्ये भोक, आत रिफिल, झालं पेन. पण पहिल्याच ऑर्डरमध्ये चाळीसपैकी अकरा पेनं परत आली. पिवळी पेनं चार महिन्यांत फिक्कट पडली. लाल पेनं हाताला चिकट लागत होती. बचतीतून काढलेले पैसे अडकले आणि बैठकीत बोलाचाली झाली, ती वेगळीच.

चूक आमचीच होती. पिवळ्यासाठी आम्ही घरची हळद घातली होती आणि लालसाठी मुलांच्या शाळेचा पाण्याचा रंग. मग मी वाचायला बसले. तेव्हा कळलं, की कोणत्या वस्तूत कोणता रंग टिकतो, या प्रश्नाशी माणसं आपल्या आधी कितीतरी वर्षं झगडली आहेत.

आपल्याकडचं सगळ्यात जुनं रेझिन म्हणजे लाख. पळस, बोर, कुसुम या झाडांवर बारीक किडे राहतात, त्यांनी केलेलं ते घर. बांगडीची लाख आपण सगळ्यांनी पाहिली आहे. कर्नाटकात चन्नपट्टणला लाखेत रंग मळून तिच्या कांड्या करतात आणि लेथवर फिरणाऱ्या लाकडावर टेकवतात. घासून ऊब येते, लाख वितळते आणि रंग लाकडावर बसतो. लाखेत पूर्वी लालसाठी हिंगूळ आणि पिवळ्यासाठी हरताळ घालत. दोन्ही दगडाची पूड, म्हणून पक्की. पण हिंगुळात पारा असतो आणि हरताळात सोमल. रंग टिकायचा, पण करणाऱ्याच्या अंगाला बाधायचा.

आता पेनाकडे येऊ. शंभर वर्षांपूर्वीची शाईची पेनं बहुतेक काळी असत. कंपन्यांना दुसरे रंग आवडत नव्हते असं नाही. पेनं एबोनाइटची होती. रबरात भरपूर गंधक घालून ते तासन् तास तापवलं, की एबोनाइट होतं. त्या गंधकाच्या भट्टीत बरेचसे रंग मरत. शिशाचा पांढरा सफेदा घातला, तर गंधकाशी मिळून तो काळा पडे. टिकणाऱ्या थोड्या रंगांत एक हिंगूळ होता. कारण हिंगूळ म्हणजेच पारा आणि गंधक. त्याचं गंधकाशी लग्न आधीच लागलेलं, मग आणखी गंधक आलं तरी त्याला काय फरक पडणार? म्हणून त्या काळात काळ्याच्या जोडीला लालच दिसतो.

1921 साली अमेरिकेतल्या पार्कर कंपनीने ड्युओफोल्ड नावाचं मोठं केशरट लाल पेन काढलं. किंमत सात डॉलर, त्या काळी चांगलीच महाग. तरी लोकांनी ते घेतलं. काळ्या पेनांच्या गर्दीत ते उठून दिसायचं. रंगालाही पैसे मिळतात, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

मग 1924 साली शेफर कंपनीने सेल्युलॉइडची पेनं आणली. सेल्युलॉइड करताना गंधक लागत नाही आणि एवढी आचही लागत नाही. त्यामुळे हिरवा, निळा, मोतिया, हवा तो रंग त्यात नांदू लागला. दोन वर्षांत पार्करही तिकडे वळलं. मोत्यासारखी चमक आणायला त्या काळी माशाच्या खवल्यांतून काढलेला अर्क वापरत. पण सेल्युलॉइडलाही खोड होती. ते चटकन पेट घेई.

आपण आज बाजारातून आणतो ते रेझिन याच्या पुढचं. दोन बाटल्या, एकीत रेझिन आणि दुसरीत हार्डनर. एकत्र केले की स्वतःच तापतं आणि घट्ट होतं. भट्टी नको, गंधक नको. म्हणून खूप रंग चालतात, पण याच्याही अटी आहेत. पहिली अट, पाणी नको. पाण्याच्या रंगातलं पाणी दोन बाटल्यांच्या मिलाफात आडवं येतं आणि कांडी चिकट राहते. आमची लाल पेनं अशी गेली. दुसरी अट, उन्हाला टिकणारा रंग हवा. पांढऱ्या साडीवर हळदीचा डाग पडला की आपण काय करतो? धुऊन उन्हात टाकतो आणि डाग उडतो. हे आपल्याला आजीपासून ठाऊक आहे. तरी तीच हळद आम्ही पेनात घातली आणि पेन खिडकीत ठेवलं!

मग घालायचं काय? रेझिनसाठी मिळणारी कोरडी पूड किंवा घट्ट पेस्ट. निळा-हिरवा हवा तर थॅलो नावाचा रंग पक्का. 1928 साली स्कॉटलंडच्या एका कारखान्यात दुसरंच काही करताना भांड्यात निळं काही तयार झालेलं दिसलं, त्यातून तो सापडला. पांढऱ्याला टायटॅनियम. लाल-तपकिरीला लोहाची पूड, म्हणजे गेरूचीच बहीण. चमकीला अभ्रकाची पूड. अभ्रकाच्या पापुद्र्यावर टायटॅनियमचा पातळ थर दिला की मोतिया झाक येते. 1960 नंतर ही पूड आली आणि माशाच्या खवल्यांचं काम तिने घेतलं.

प्रमाण लक्षात ठेवा. शंभर ग्रॅम मिश्रणाला दोन-तीन ग्रॅम रंग पुरे, पाचाच्या वर जाऊ नका. जास्त रंगाने कांडी कमजोर होते आणि कातताना तडकते. रंग आधी रेझिनमध्ये नीट मळा, हार्डनर नंतर घाला.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. देवाच्या दुकानातला शेंदूर स्वस्त, लालभडक, म्हणून घालावासा वाटेल. घालू नका. शेंदुरात शिसं असू शकतं. कांडी कातताना त्याची धूळ आपल्या नाकात जाते आणि अंगणात खेळणाऱ्या लेकरांच्या पोटात जाते. हिंगूळ-हरताळ वापरणाऱ्यांपुढे दुसरी वाट कमी होती. आपल्यापुढे आहे. डब्यावर काय लिहिलंय ते दुकानदाराला वाचायला लावा. हातमोजे, मास्क आणि उघडी खिडकी, याशिवाय बसू नका.

आमच्या गटाने आता एक नियम केला आहे. नवा रंग आला की बोटाएवढे दोन तुकडे ओतायचे. एक पत्र्यावर उन्हात, एक ट्रंकेत. महिन्याने दोन्ही शेजारी ठेवून बघायचे आणि निकाल गटाच्या वहीत लिहायचा. दोन्ही सारखे दिसले तरच तो रंग ऑर्डरला. या वहीत आज नऊ रंगांची नोंद आहे, सहा पास, तीन नापास. हळदही तिथेच आहे, नापासात, पहिल्याच ओळीत.

तुमच्या गटाने असं काही करून बघितलं असेल, तर केंद्रावर येऊन जरूर सांगा.