बरोबर किंमत, न्याय्य किंमत

वस्तूची किंमत ओळखण्याच्या दूरचित्रवाणीवरील खेळाकडे साहित्याच्या अभ्यासकांनी गंभीरपणे पाहावे, असे आम्हांस वाटते. ज्ञान कशास म्हणावे, हा प्रश्न त्याच्या इतिहासात दडलेला आहे.

'द प्राइस इज राइट' हा बॉब स्टुअर्ट यांच्या कल्पनेतून उतरलेला खेळ २६ नोव्हेंबर १९५६ रोजी अमेरिकेत एनबीसीवर सुरू झाला. सूत्रधार होते बिल कलन. चार स्पर्धक लिलावाप्रमाणे बोली लावीत. खऱ्या किमतीच्या सर्वांत जवळ, परंतु तिच्यावर न जाणारा जिंके. त्याच काळात पांडित्याचे खेळही भरात होते. कोलंबिया विद्यापीठात इंग्रजी शिकविणारे चार्ल्स व्हॅन डोरेन 'ट्वेंटी-वन'मुळे देशभर गाजले आणि उत्तरे आपल्याला आधीच मिळत होती, अशी कबुली त्यांनी १९५९ मध्ये काँग्रेसच्या समितीपुढे दिली. पांडित्याची अशी शोभा झाली. किमतीचा खेळ मात्र १९६५ पर्यंत टिकला आणि ४ सप्टेंबर १९७२ रोजी बॉब बार्कर यांच्यासह सीबीएसवर परतला.

त्याच दिवशी 'एनी नंबर' हा उपखेळ झाला. फलकावर मोटारीच्या किमतीचे चार अंक, एका लहान बक्षिसाचे तीन आणि गल्ल्यातील डॉलर-सेंटांचे तीन. शून्य ते नऊ हे अंक एकेकदाच. स्पर्धक अंक पुकारी. जी रक्कम आधी पुरी होई, ते त्याचे बक्षीस. पुढे मोटारी दहा हजार डॉलरांपलीकडे गेल्या. पाचवे घर वाढवावे लागले, पहिला अंक उघडा ठेवावा लागला. महागाईने खेळाचे व्याकरणच बदलले.

दिवसा दाखविल्या जाणाऱ्या या खेळात घरखर्च सांभाळणाऱ्यांच्या व्यवहारज्ञानाला प्रतिष्ठा मिळाली, हे नाकारता येत नाही. तरीही ते ज्ञान विक्रेत्याने ठरविलेल्या आकड्याचे होते. घासाघीस चालते तेथे असा खेळ उभाच राहणार नाही. त्याला फिलाडेल्फियाच्या जॉन वॉनामेकर यांच्यासारख्या व्यापाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात रुजविलेला 'एकच भाव' लागतो. मध्ययुगात थॉमस अक्वायनस वस्तू तिच्या मोलाहून अधिक दराने विकणे धर्म्य आहे का, असे विचारीत होते. खेळाच्या नावातील 'राइट' या शब्दात तो नैतिक अर्थ उरलेला नाही. आकडा जुळला की टाळ्या पडतात. तो आकडा कोणी व कसा ठरविला, हे विचारायला त्या मंचावर जागा नाही.