डोक्याला मार लागल्यावर थांबणारा खेळ आणि नियमांतील पळवाटा

समजा, डिचोली तालुक्यातील मये गावात दोन वाड्यांच्या संघांत फुटबॉलचा सामना सुरू आहे. बरोबरी आहे आणि अखेरची दोन मिनिटे उरली आहेत. चेंडू पेनल्टी क्षेत्रात घोळत असताना बचाव करणारा एक खेळाडू दोन्ही हातांनी डोके धरून खाली कोसळतो. रेफ्रीने शिट्टी वाजवली, तर हातातोंडाशी आलेला गोल हुकतो. न वाजवली आणि मार खरा निघाला, तर एका तरुणाच्या मेंदूशी खेळ झाला असे होते. मैदानाभोवती उभ्या असलेल्यांतील अर्धे लोक ‘नाटक’ म्हणून ओरडत असतात, उरलेले पाण्याची बाटली घेऊन धावत असतात. हाच पेच विश्वचषकाच्या सामन्यातही पडतो आणि दोन्ही ठिकाणी लागू होणारा नियम एकच असतो.

फुटबॉलचे नियम ठरवण्याचा अधिकार ‘इफाब’ या संक्षेपाने ओळखल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाकडे आहे. 1886 मध्ये स्थापन झालेल्या या मंडळाच्या नियमावलीतील पाचवा नियम रेफ्रीच्या अधिकारांविषयी आहे. दुखापत किरकोळ वाटल्यास चेंडू मैदानाबाहेर जाईपर्यंत खेळ चालू द्यावा, गंभीर वाटल्यास तो थांबवावा, असे हा नियम सांगतो. जखमी खेळाडूवर मैदानात उपचार करू नयेत, त्याला बाहेर न्यावे आणि खेळ पुन्हा सुरू झाल्यावर रेफ्रीच्या परवानगीनेच तो आत यावा, हा सर्वसाधारण दंडक. गोलरक्षकाची दुखापत, गोलरक्षक आणि दुसऱ्या खेळाडूची टक्कर, एकाच संघाच्या दोघांची टक्कर आणि गंभीर इजा हे त्याचे प्रमुख अपवाद आहेत. दुखापत किरकोळ की गंभीर, हे ठरवणारा रेफ्री डॉक्टर नसतो. त्यामुळे डोक्याला मार लागल्याचा संशय आला की तो गंभीर समजून खेळ थांबवण्याचा प्रघात पडला आहे. पळवाटांची सुरुवात याच प्रघातापासून होते, कारण गुडघा धरून लोळणाऱ्याकडे रेफ्री काही क्षण दुर्लक्ष करू शकतो, डोके धरून पडलेल्याकडे करू शकत नाही. खेळाडूंना हे ठाऊक असते.

थांबलेला खेळ पुन्हा कसा सुरू होतो, हे पाहिले की या पळवाटेची किंमत कळते. दुखापतीसाठी खेळ थांबला, तर तो ड्रॉप बॉलने सुरू होतो. पूर्वी दोन्ही संघांचे खेळाडू त्या चेंडूवर तुटून पडत किंवा खिलाडूवृत्ती म्हणून एक संघ तो दुसऱ्याला परत करत असे. 2019 मध्ये नियम बदलला आणि ज्या संघाचा चेंडूला शेवटचा स्पर्श झाला, त्याच्याच एका खेळाडूसमोर चेंडू टाकला जाऊ लागला. इतरांनी त्या वेळी किमान चार मीटर दूर राहायचे असते. 2025-26 च्या नियमावलीत आणखी सुधारणा झाली. पेनल्टी क्षेत्राबाहेर खेळ थांबला आणि चेंडू कोणाच्या ताब्यात जाणार होता हे रेफ्रीला स्पष्ट दिसत असेल, तर शेवटचा स्पर्श कोणाचाही असो, चेंडू त्या संघाला मिळतो.

पेनल्टी क्षेत्राच्या आत मात्र जुनीच तरतूद कायम आहे. खेळ थांबला तेव्हा चेंडू या क्षेत्रात असेल, तर ड्रॉप बॉल बचाव करणाऱ्या संघाच्या गोलरक्षकाला मिळतो. गोलसमोर ड्रॉप बॉल टाकल्यास गोंधळ माजेल, म्हणून केलेली ही सोय आहे. परिणाम असा, की आपल्याच गोलसमोर डोके धरून पडणाऱ्या बचावपटूच्या संघाला धोका टळण्याचा फायदा तर मिळतोच, वर चेंडूही मिळतो. आक्रमण करणाऱ्यांची चूक काहीच नसताना त्यांनी चेंडू गमावलेला असतो. मयेतल्या त्या काल्पनिक सामन्यात शिट्टी वाजताच नेमके हेच घडेल. नियमावलीत याइतके उघडे भगदाड दुसरे क्वचितच सापडेल.

यावर रेफ्रीच्या हाती उपाय थोडे आहेत. दुखापतीचे सोंग घेणे हा बाराव्या नियमाखाली पिवळ्या कार्डाचा गुन्हा आहे. पण सोंग सिद्ध कसे करायचे? डोक्याला काहीच लागले नव्हते, हे चलचित्र पाहून सांगता येते, गावच्या मैदानावर नाही. शिवाय मेंदूला हादरा बसण्यासाठी डोक्यावर थेट आघात व्हावाच लागतो असे नाही. मान किंवा शरीराला बसलेल्या जोरदार धक्क्यानेही मेंदू कवटीत हलतो. रक्त नाही, सूज नाही, म्हणून काही झाले नाही, असे म्हणता येत नाही. वाया गेलेली मिनिटे सातव्या नियमानुसार सामन्याच्या शेवटी भरून काढता येतात. मोडलेले आक्रमण भरून काढता येत नाही.

दुसरी पळवाट गोलरक्षकाची. त्याच्यावर मैदानातच उपचार होतात आणि तो उठेपर्यंत खेळ सुरू होऊ शकत नाही. दडपणाखाली आलेल्या संघाचा गोलरक्षक खाली बसतो आणि त्याचे दहा सहकारी प्रशिक्षकाभोवती गोळा होऊन सूचना ऐकतात, हे दृश्य आता सरावाचे झाले आहे. फुटबॉलमध्ये टाइम-आउट नाही, पण गोलरक्षकाच्या कृपेने तो मिळतो. वेळकाढूपणाला आळा घालण्यासाठी अमेरिकेच्या मेजर लीग सॉकरने 2024 च्या हंगामापासून पंधरा सेकंदांहून अधिक काळ पडून राहणाऱ्या खेळाडूला उपचारानंतर दोन मिनिटे बाहेर ठेवण्याचा नियम लागू केला. त्यातून डोक्याची दुखापत वगळली आहे, आणि वगळायलाच हवी होती. मात्र त्यामुळे दुखणारा पाय सोडून डोक्याला हात लावण्याचा मोह वाढतो, हेही तितकेच खरे. एक भोक बुजवताना शेजारी दुसरे पडावे, असा हा प्रकार आहे.

प्रेक्षक चिडतात ते अशा सोंगांवर. याच नियमांत एक उलट दिशेची पळवाट आहे आणि तिच्यावर कोणी शिट्टी मारत नाही. ती म्हणजे खरा मार लपवणे.

2014 च्या विश्वचषकात 19 जून रोजी इंग्लंडविरुद्ध उरुग्वेच्या अल्वारो परेराच्या डोक्यावर प्रतिस्पर्ध्याचा गुडघा आदळला आणि तो निपचित पडला. संघाच्या डॉक्टरांनी बदली खेळाडूसाठी खूण केली. उठलेल्या परेराने हातवारे करत त्यांच्याशी वाद घातला आणि तो पुन्हा मैदानात उतरला. त्याच स्पर्धेच्या 13 जुलैच्या अंतिम सामन्यात जर्मनीच्या क्रिस्टोफ क्रामरला सतराव्या मिनिटाला टक्कर बसली. त्यानंतर सुमारे चौदा मिनिटे तो खेळत राहिला आणि मध्येच त्याने रेफ्री निकोला रिझोली यांना विचारले, की हा अंतिम सामना आहे का? रिझोलींनी जर्मनीच्या सहकाऱ्यांना सावध केल्यावर तो बाहेर आला. जागतिक फुटबॉलच्या सर्वांत मोठ्या व्यासपीठावर ही लक्षणे ओळखली गेली ती डॉक्टरकडून नव्हे, रेफ्रीकडून! त्याच वर्षी डोक्याला मार लागल्याचा संशय असल्यास तीन मिनिटांपर्यंत खेळ थांबवून तपासणी करण्याची तरतूद पुढे आली.

तीन मिनिटांत काय कळते, हा खरा प्रश्न आहे. खेळातील मेंदूच्या हादऱ्यासाठी डॉक्टर वापरतात ती प्रमाणित चाचणी नीट करायची तर दहा-पंधरा मिनिटे लागतात. स्मरणशक्ती, एकाग्रता, तोल असे सारे तिच्यात पाहिले जाते. काही लक्षणे तर तासाभराने किंवा दुसऱ्या दिवशी दिसू लागतात. रग्बीत यासाठी खेळाडूला तात्पुरते बाहेर घेऊन त्याच्या जागी दुसरा उतरवता येतो आणि तपासणी आडोशाला, शांतपणे होते. फुटबॉलमध्येही अशी तात्पुरती बदली असावी, अशी मागणी खेळाडूंच्या संघटनेने आणि अनेक लीगनी केली होती. इफाबने ती मान्य केली नाही. तात्पुरत्या बदलीचा गैरवापर होईल, ही एक शंका. बाहेर नेऊन पुन्हा आत पाठवलेल्या खेळाडूला नंतर त्रास झाला तर काय, ही दुसरी.

त्याऐवजी इफाबने कायमस्वरूपी बदलीचा मार्ग निवडला. 2021 च्या प्रारंभी त्याचे प्रयोग सुरू झाले आणि मार्च 2024 मधील वार्षिक सभेनंतर ही तरतूद नियमावलीत आली. ती लागू करायची की नाही, हे स्पर्धेच्या आयोजकांवर आहे. मेंदूला हादरा बसल्याचा संशय असल्यास प्रत्येक संघाला सामन्यात एक जादा बदली मिळते, ती नेहमीच्या बदल्यांत मोजली जात नाही आणि बाहेर गेलेला खेळाडू परत येत नाही. एका संघाने ही सवलत वापरली, की प्रतिस्पर्ध्यालाही एक जादा बदली मिळते. दमलेल्या खेळाडूच्या जागी ताज्या दमाचा आणण्यासाठी डोकेदुखीचे निमित्त करण्यात मग फारसा अर्थ उरत नाही. ही तजवीज खरोखर चतुर आहे.

क्रिकेटने दुसरा मार्ग धरला आणि त्याचे वाद मराठी वाचकांच्या आठवणीत ताजे असतील. ऑगस्ट 2019 पासून तेथे बाहेर गेलेल्या खेळाडूच्या तोडीचाच खेळाडू आणावा लागतो आणि ते सामनाधिकारी ठरवतात. डिसेंबर 2020 मध्ये कॅनबेरा येथे फलंदाजी करताना रवींद्र जडेजाच्या हेल्मेटला चेंडू लागला. बदली आलेल्या युझवेंद्र चहलने तीन बळी घेतले. 31 जानेवारी 2025 रोजी पुण्याजवळील गहुंजे येथे शिवम दुबेच्या जागी हर्षित राणा आला आणि त्यानेही इंग्लंडचे तीन बळी टिपले. मध्यमगती मारा करणाऱ्या फलंदाजाच्या जागी वेगवान गोलंदाज, ही ‘तोडीस तोड’ बदली कशी, असे इंग्लंडच्या कर्णधाराने जाहीरपणे विचारले. ‘तोडीचा’ या शब्दावर भांडत बसण्यापेक्षा दोन्ही संघांना सारखे देण्याची फुटबॉलची पद्धत सरस म्हणावी लागेल.

तरीही ती लपवाछपवी थांबवत नाही. बदली कायमची असल्याने शंका असताना खेळाडूला बाहेर काढायला प्रशिक्षक कचरतो. संशय आहे की नाही, हे संघाने पगार दिलेला डॉक्टरच ठरवतो. 21 नोव्हेंबर 2022 रोजी कतारमधील विश्वचषकात इराणचा गोलरक्षक अलीरेझा बेरानवांद स्वतःच्याच सहकाऱ्यावर आदळला. बराच वेळ उपचार झाले, तो उठला, खेळू लागला आणि लगेच पुन्हा खाली बसला. अखेर त्याला स्ट्रेचरवरून नेण्यात आले. कन्कशन बदलीची सोय तेव्हा उपलब्ध होती आणि तरीही त्याला प्रथम खेळू देण्यात आले. काही खेळाडू याहून पुढची युक्ती करतात. हंगामापूर्वी होणाऱ्या मूळ चाचणीत ते मुद्दाम कमी गुण मिळवतात, म्हणजे मार लागल्यानंतरचे गुणही ‘नेहमीसारखे’ दिसतात.

रेफ्रीने वेळीच शिट्टी वाजवण्याचे महत्त्व गोव्याच्या फुटबॉलला वेगळे सांगावे लागत नाही. 5 डिसेंबर 2004 रोजी बेंगळूरूच्या कंठीरवा मैदानावर फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात धेंपो क्लबचा ब्राझिलियन आघाडीपटू क्रिस्तियानो ज्युनियर मोहन बागानविरुद्ध आपला दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी झालेल्या टकरीनंतर कोसळला आणि त्याचा मृत्यू झाला. तो 25 वर्षांचा होता. ती डोक्याची दुखापत नव्हती, त्याची हृदयक्रिया बंद पडली होती. पण पडलेला खेळाडू सोंग करतो आहे की त्याचा जीव जातो आहे, हे दुरून ओळखता येत नाही, याची ती घटना साक्ष आहे. धेंपोने त्याची दहा क्रमांकाची जर्सी नंतर कोणाला दिली नाही.

सोंगामुळे फार तर एक गोल, एक सामना हातचा जातो. लपवलेल्या माराची भरपाई भरपाई वेळेत होत नाही. पहिला हादरा ओसरण्यापूर्वी बसलेला दुसरा, विशेषतः कोवळ्या वयात, क्वचित प्रसंगी मेंदूला जीवघेणी सूज आणू शकतो. म्हणूनच दोन्ही पळवाटा एकाच तराजूत तोलणे चुकीचे आहे. पहिली सहन करूनही दुसरी बुजवायला हवी.

पेडणे-डिचोलीतील गावच्या स्पर्धांत पगारी डॉक्टर नसतो, चलचित्र तपासणीही नसते. एका बाबतीत मात्र गावची स्पर्धा विश्वचषकाहून सोयीची ठरू शकते. तळागाळातील, युवा आणि प्रौढांच्या फुटबॉलमध्ये राष्ट्रीय संघटनेच्या संमतीने बाहेर गेलेला खेळाडू परत आणण्याची मुभा नियमावलीच देते. आयोजकांनी ही मुभा आधीच मिळवून नियमपत्रकात छापली, तर पडलेल्या खेळाडूला संघ एकाने कमी न होता बाहेर बसवता येते आणि त्याच्याकडे सावकाश पाहता येते. मोठ्या फुटबॉलने नाकारलेली तात्पुरती बदली गावच्या मैदानावर अशी उपलब्ध होते. गोलसमोर सोंग घेऊन पडणाऱ्यालाही मग निदान काही मिनिटे खुर्चीवर काढावी लागतील.

बाहेर बसवल्यावर काय पाहायचे, हे प्रशिक्षकालाही जमण्यासारखे आहे. आपण कोणत्या मैदानावर आहोत, कितवा अर्ध चालू आहे, शेवटचा गोल कोणी केला, मागचा सामना कोणाशी झाला, असे साधे प्रश्न विचारावेत. उत्तरात गोंधळ, तोल जाणे, शून्य नजर, डोकेदुखी, मळमळ यांपैकी काहीही दिसले, तर त्याने त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरू नये. उत्तरे अचूक आली म्हणजे धोका टळला असे नाही. शंका उरली तरी उत्तर तेच. मानेत वेदना, वारंवार उलट्या, झटके, हातापायांत मुंग्या किंवा अशक्तपणा, दोन-दोन दिसणे, वाढत जाणारी डोकेदुखी किंवा शुद्ध हरपणे यांपैकी काहीही आढळल्यास 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मानेला मार असण्याची शक्यता असेल, तर ती येईपर्यंत खेळाडूला उचलून हलवू नये. अशा खेळाडूला त्या रात्री एकटे ठेवू नये आणि त्याला स्वतः दुचाकी चालवत घरी जाऊ देऊ नये. पहिले एक-दोन दिवस त्याने हलकी हालचाल ठेवून विश्रांती घ्यावी. पुढे सराव टप्प्याटप्प्याने वाढवावा, टक्कर होणारा खेळ शेवटी आणि तोही डॉक्टरच्या परवानगीनंतरच.