भिवंडी तालुक्यातील लग्ने आणि स्त्रीचा हक्क

भिवंडीचे नाव यंत्रमागांमुळे झाले, पण भोवतालच्या तालुक्यातली वस्ती मागांहून कितीतरी जुनी आहे. गावांत आगरी आणि कुणबी, पाड्यांवर वारली आणि कातकरी, शहराच्या जुन्या मोहल्ल्यांत कोकणी मुसलमान. १८५७ नंतर उत्तरेकडून मोमीन विणकर आले, पुढे तेलंगणातून पद्मशाली. प्रत्येकाची लग्नाची रीत वेगळी आणि त्या रीतीत बाईची जागाही वेगळी. ती जागा नुसत्या धर्माच्या नावावरून ठरवू गेल्यास फसगत होते.

आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण लागते. एकेका विधीचे धवले ती गाते आणि कशामागून काय करायचे हे तिच्याच तोंडी असते. पोथी नसते, जाणत्या बायकांकडून ऐकून सारे पाठ केलेले असते. वारल्यांत धवलेरी लग्न लावते. सवाशिणी झोपडीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक काढतात, त्यात पालघाट देवी असते, आणि चौक काढल्याशिवाय लग्न लागत नाही. इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चने स्त्रियांना धर्मोपदेशकाची दीक्षा दिली ती १९९४ साली. ठाणे जिल्ह्यातल्या निरक्षर म्हणवल्या गेलेल्या बायका त्याआधी कित्येक पिढ्या लग्ने लावत होत्या, ही गोष्ट धर्माच्या इतिहासात ठळकपणे नोंदवली जायला हवी.

विधी हाती असला तरी पैसा हाती नव्हता. वारल्यांत वराकडून वधूच्या घरी देज जाते, दक्षिण आफ्रिकेत गुरांच्या रूपाने लोबोला जातो तसे. कामाची बाई घरातून जाते, तिचे मोल त्यात धरलेले असते. विधवेला पुन्हा लग्न करता येते, बाईला नवराही सोडता येतो. पण देज आणि लग्नजेवणाचा खर्च पेलण्यासाठी तरुण सावकाराच्या दारी जाई आणि कर्ज फिटेपर्यंत राबणारा ‘लग्नगडी’ होई. ब्रिटिश अधिकारी डी. सिमिंग्टन यांनी १९३८च्या सरकारी अहवालात ही वेठबिगारी नोंदवली. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात तिचे चित्र आहे. लग्नगड्याबरोबर त्याची बायकोही मालकाच्या घरी आणि शेतावर खपत असे, आणि मालक तिच्या शरीरावरही हक्क सांगत. कर्ज तिने काढलेले नव्हते, फेडत मात्र ती होती. या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोठा अन्याय हाच. १९४५च्या वारली उठावाने या प्रथेला मोठा हादरा दिला. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ साली झाला. तरीही ठाणे जिल्ह्यातले वेठबिगार सोडवण्यासाठी विवेक पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेला १९८०च्या दशकात झगडावे लागले.

मुसलमान लग्नात वराने वधूला द्यायची मेहर ठरते आणि ती वधूची स्वतःची असते, बापाची नव्हे. इंग्लंडमध्ये विवाहितेला स्वतःच्या मालमत्तेवर पूर्ण हक्क देणारा कायदा १८८२चा. मेहरचा नियम त्याहून हजारावर वर्षांनी जुना. प्रत्यक्षात ती बहुधा उधारीवर राहते, हा भाग वेगळा. भिवंडीत आणखी एक भेद आहे. कोकणी मुसलमान शाफई पंथाचे, तर मोमीन प्रामुख्याने हनफी. हनफी मतानुसार वयात आलेली मुलगी स्वतः निकाह करू शकते. शाफई मतात वलीची, म्हणजे बहुधा बापाची, संमती लागते. म्हणजे एकाच शहरात, एकाच धर्मात, मुलीच्या ‘कबूल’ला दोन वजने. मुंबई उच्च न्यायालयापुढे १८६४ साली हाच वाद आला. शाफई घरातली वयात आलेली मुलगी हनफी मत स्वीकारून बापाच्या संमतीविना लग्न करू शकते, असा निकाल लागला. तोंडी तिहेरी तलाक मात्र २०१७ पर्यंत टिकला आणि २०१९ साली गुन्हा ठरला.

आज तालुक्यात गोदामे उभी राहिली आहेत, जमिनीला सोन्याचा भाव आला आहे, आणि लग्न करून गेलेल्या मुलीचा माहेरच्या जमिनीवरचा हक्क ऐरणीवर आला आहे. महाराष्ट्राने १९९४ साली हिंदू मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा वाटा दिला, पण तोवर लग्न झालेल्यांना वगळले. ती अट २००५च्या केंद्रीय दुरुस्तीने गेली. जमीन विकताना आगरी घरांत बहिणींची सही लागते आणि पुष्कळदा ती हक्कसोडपत्रावर घेतली जाते. मुसलमान मुलीला शरियतनुसार भावाच्या निम्मा वाटा आहे, पण १९३७च्या शरियत कायद्याने शेतजमीन आपल्या कक्षेबाहेर ठेवली. १९५६चा हिंदू वारसा कायदा आणि त्यातल्या या दुरुस्त्या अनुसूचित जमातींना लागू नाहीत, त्यामुळे १९५६, १९९४ किंवा २००५ यांतल्या कोणत्याही तरतुदीने वारली मुलीला बापाच्या जमिनीत वाटा मिळालेला नाही.