वृक्ष प्राधिकरण म्हणजे काय? ठाणे, कल्याण-डोंबिवलीत झाड तोडायला कोणाची परवानगी लागते?

सकाळी स्टेशनला निघालेल्या माणसाला रस्त्याकडेच्या एखाद्या झाडावर पालिकेचा कागद चिकटवलेला दिसतो. घाईत तो कोणी वाचत नाही. काही आठवड्यांनी तिथे फक्त बुंधा उरलेला असतो आणि मग व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो फिरू लागतात. खरे तर तो कागद म्हणजेच नागरिकांना बोलण्याची संधी होती. तो लावणे ज्या समितीचे काम आहे तिचे नाव वृक्ष प्राधिकरण.

हे प्राधिकरण कुठून आले?

महाराष्ट्रातील शहरांमधील झाडांसाठी १९७५ साली झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आला. त्यानुसार प्रत्येक महापालिकेत आणि नगरपालिकेत वृक्ष प्राधिकरण असावे लागते. महापालिकेत आयुक्त त्याचे अध्यक्ष असतात. नगरसेवक सदस्य असतात आणि वृक्षसंवर्धनाचा अनुभव असलेल्या स्वयंसेवी संस्थांच्या प्रतिनिधींनाही घेता येते. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही पालिकांना हाच कायदा लागू आहे.

ठाणेकरांना या प्राधिकरणाची ओळख बहुधा ‘वृक्षवल्ली’ या झाडाफुलांच्या प्रदर्शनामुळे असते. पण प्रदर्शन भरवणे हे त्याचे एक छोटेसे काम. वृक्षगणना करणे, रोपवाटिका चालवणे, नवी झाडे लावणे आणि मुख्य म्हणजे तोडीचे अर्ज तपासणे ही त्याची खरी जबाबदारी आहे.

सोसायटीतले झाड आपल्या मालकीचे, मग परवानगी कशाला?

झाड खासगी जागेत असले तरी परवानगी लागतेच. कायद्याच्या दृष्टीने ‘तोडणे’ म्हणजे केवळ करवत चालवणे नव्हे. झाड जाळणे किंवा त्याला कोणत्याही प्रकारे इजा करणेही त्यात येते. त्यामुळे पार्किंगसाठी किंवा पुनर्विकासासाठी सोसायटीने परस्पर झाड काढले, तर तो गुन्हा ठरतो.

परवानगी कशी मिळते?

१. अर्जदार कारणासह अर्ज करतो.
२. वृक्ष अधिकारी जागेवर जाऊन पाहणी करतो आणि अहवाल देतो.
३. स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते, झाडावरही नोटीस लावली जाते.
४. नागरिक हरकती नोंदवतात. त्यानंतर निर्णय होतो.

मेलेले, वठलेले किंवा जिवाला धोका असलेले झाड याला अपवाद आहे. तिथे परवानगी नाकारता येत नाही. म्हणूनच एखाद्या हिरव्यागार झाडाला ‘धोकादायक’ शेरा मिळाला, तर पाहणी कधी झाली आणि अहवालात काय लिहिले आहे, हे माहिती अधिकारात विचारणे महत्त्वाचे ठरते.

२०२१ मध्ये काय बदलले?

५० वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना ‘हेरिटेज वृक्ष’ मानण्याची तरतूद आली. तोडलेल्या झाडाचे वय जितके, तितकी झाडे लावण्याची अटही आली. म्हणजे ४० वर्षांचा पिंपळ गेला तर ४० रोपे. ती किमान सहा फूट उंचीची असावीत आणि सात वर्षे जोपासावीत, असे अपेक्षित आहे. तरी मोठ्या पिंपळाची सावली रोपांतून मिळायला एक पिढी जाते.

मग अडचण कुठे आहे?

कल्याण-डोंबिवली पालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली, ठाण्याची मार्च २०२२ मध्ये. त्यानंतर काही वर्षे दोन्हीकडे प्रशासकांचा कारभार होता. नगरसेवकच नसल्याने प्राधिकरणातली लोकप्रतिनिधींची बाजू रिकामी राहिली. रस्ता रुंद करणारे आणि त्यासाठीची तोड मंजूर करणारे प्रशासन एकच असेल, तर प्रश्न विचारणार कोण? अशा वेळी नागरिकांची हरकत हाच मोठा अंकुश उरतो.

ठाण्यात मेट्रो ४ साठीच्या वृक्षतोडीचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला होता. मुंबईत आरेच्या बाबतीत उच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०१९ रोजी याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली, तोवर दोन हजारांहून अधिक झाडे गेली होती. कोर्टाचा आदेश झाड परत आणत नाही, म्हणून हरकत वेळेत जायला हवी.

प्रत्येक तक्रार इथेच करायची का?

नाही. ठाणे खाडीतील कांदळवन आणि येऊरचे जंगल वन विभागाकडे येते. डोंबिवली एमआयडीसीतील धूर किंवा सांडपाण्याची तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करायची. रस्त्यावरचे किंवा सोसायटीतले झाड असेल, तर पालिकेचा उद्यान विभाग.

हरकत कशी नोंदवायची?

- नोटिशीचा आणि झाडाचा फोटो काढा. तारीख व ठिकाण टिपून ठेवा.
- नोटिशीत दिलेल्या मुदतीत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या.
- ‘झाड तोडू नका’ एवढेच लिहू नका. आराखडा थोडा बदलता येईल का, फांद्यांची छाटणी पुरेल का, पुनर्रोपण शक्य आहे का, हे विचारा.
- नोटीस न लावताच तोड सुरू असेल, तर परवानगीची प्रत मागा. ती दाखवली नाही, तर पालिका आणि पोलिसांना कळवा.

फोटो शेअर केल्याने चर्चा होते. पण प्राधिकरणाच्या फाइलमध्ये जाते ती लेखी हरकतच.