सोलापूर हें नांव : सोळा गांवें कीं सोन्नलगे ?

सोलापूर शहरास हें नांव कां पडलें असें तेथील रहिवाशास विचारिलें असतां बहुधा एकच उत्तर मिळतें : सोळा गांवें मिळून हें शहर झालें, म्हणून तें सोलापूर. ही समजूत इतकी रूढ आहे कीं, जिल्ह्याची माहिती देणाऱ्या ग्रंथांतूनही ती सोळा नांवांच्या यादीसह येते. दंतकथा म्हणून ती टाकून देणें सोपें आहे. परंतु टाकण्यापूर्वीं तिची उलटतपासणी करणें हें संशोधकाचें कर्तव्य होय. तें येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम यादीच पाहूं. आदिलपूर, अहमदपूर, चपळदेव, फत्तेपूर, जामदारवाडी, काळजापूर, खादरपूर, खंडेरावकी वाडी, महंमदपूर, राणापूर, संदलपूर, शेखपूर, सोलापूर, सोनलगी, सोनापूर व वैदकवाडी, अशीं हीं सोळा नांवें होत.

या यादीवर पहिला आक्षेप असा कीं, सोळा गांवांवरून जें नांव पडलें म्हणावयाचें, तें सोलापूर हें नांव त्या सोळांतच आहे. सोळा एकत्र होण्यापूर्वींच त्यांपैकीं एकाचें नांव सोलापूर असेल, तर त्या नांवाचा सोळा या संख्येशीं संबंध उरत नाहीं. यादी रचणारानें आपल्याच उपपत्तीचा पाया असा उखडून ठेविला आहे.

दुसरा आक्षेप कालाचा. आदिलपूर, अहमदपूर, फत्तेपूर, खादरपूर, महंमदपूर व शेखपूर हीं सहा नांवें उघड मुसलमानी अमदानींतील आहेत. आदिलपूर हें आदिलशाहीवरून पडलें असल्यास इ. स. १४९० च्या सुमारास ती शाही स्थापन होण्यापूर्वींचें तें असूं शकत नाहीं. म्हणजे सोळांचा मेळ बसावयास सुमारें पंधरावें-सोळावें शतक उजाडावें लागतें. आणि वस्ती तर त्यापूर्वीं निदान तीनशें वर्षें नांदत होती, हें पुढें दाखवूं.

तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. संदलपूर, सोलापूर, सोनलगी व सोनापूर हीं चार नांवें एकाखालीं एक मांडून वाचावीं. तीं चार निरनिराळीं गांवें नसून एकाच गांवाच्या नांवाचीं निरनिराळ्या काळचीं रूपें असावींत, अशी शंका येते. सोळा हा आंकडा भरून काढण्यासाठीं जुन्या कागदांत आढळलेलें प्रत्येक रूप वेगळें गांव म्हणून मोजलें गेलें असावें, असा आमचा तर्क आहे. या नांवांच्या वाड्या खरोखरीच असल्या, तरी त्या मूळ गांवाच्या नांवावरून निघालेल्या ठरतील. मूळ गांव त्यांवरून निघालेलें ठरणार नाहीं.

चौथा आक्षेप उच्चाराचा. संख्या 'सोळा', शहर 'सोलापूर'. मराठींत ल व ळ हे भिन्न वर्ण असून सामान्य बोलणारासही त्यांतील भेद कळतो. शिवाय मध्ययुगीन शिलालेखांत प्रदेशांतील गांवांची संख्या सांगावयाची झाल्यास ती नांवापुढें येते. करहाट ४००० किंवा तर्दवाडी १००० हीं त्याचीं प्रसिद्ध उदाहरणें होत. संख्येलाच नांव करण्याची ही रीत नव्हे.

आतां शिलालेखांकडे वळूं. बाराव्या शतकांत, कल्याणीच्या कलचुरींच्या काळीं, शिवयोगी सिद्धराम येथें होऊन गेले. शहरांतील तलाव त्यांच्याच नांवानें ओळखला जातो, आणि मकरसंक्रांतीस नंदीध्वजांची जी यात्रा भरते तीही त्यांचीच. त्यांच्याशीं संबद्ध असलेल्या लेखांत या गांवाचें नांव 'सोन्नलगे' असें येतें. कन्नड वचनवाङ्मयाच्या परंपरेंत ते आजही सोन्नलिगेचे सिद्धराम म्हणूनच ओळखले जातात. यादवकाळापर्यंत हेंच नांव 'सोन्नलगी' अशा रूपानें चालू होतें. पुढें मोहोळ तालुक्यांतील कामती येथील शके १२३८ च्या, म्हणजे इ. स. १३१६ च्या सुमाराच्या, संस्कृत लेखांत 'सोनलिपूर' असें रूप मिळतें. सोलापूरच्या किल्ल्यांतील एका लेखांत 'सोनलपूर', तर त्याच किल्ल्यांतील विहिरीवरील लेखांत 'संदलपूर' असें आहे.

ही मालिका पाहिली म्हणजे यादींतील सोनलगी व संदलपूर हीं नांवें कोठून आलीं हें निराळें सांगावयास नको.

सोनलपुराचें सोलापूर कसें झालें, यास कन्नड भाषेंत एक पुरावा जिवंत आहे. कन्नडभाषिक या शहरास 'सोल्लापुर' म्हणतात. न व ल शेजारीं येऊन त्यांचा 'ल्ल' होणें हें वर्णविकाराच्या नियमास धरून आहे; पुढें जोडाक्षर सुटून एकच ल उरला कीं सोलापूर सिद्ध होतें. कन्नडांत सोळास 'हदिनारु' म्हणतात. तेव्हां त्या बोलणारांस सोळा गांवांची कल्पना सुचण्याचा संभवच नव्हता. ती मराठी कानास सुचली, आणि तीही मूळ नांव विसरल्यावर. इंग्रजी अमदानींतील 'शोलापूर' हा त्यापुढील फेरफार होय.

तरीही दोन कोडीं उरतात. पहिलें 'संदलपूर' या रूपाचें. सोनल या शब्दांत द कोठून आला ? फारशी लिपींत वाव व दाल या अक्षरांच्या आकृतींत फार अंतर नाहीं, आणि चंदनवाचक 'संदल' हा शब्द फारशीनविसाच्या परिचयाचा; तेव्हां अपरिचित नांव परिचित शब्दाकडे ओढलें गेलें असावें, असें आम्हांस वाटतें. परंतु हा तर्क आहे, सिद्धांत नव्हे.

दुसरें कोडें कालाचें. इ. स. १५२४ मध्यें इस्माईल आदिलशहा व बुऱ्हाण निजामशहा यांची भेट सोलापुरास झाली, आदिलशहाची बहीण निजामशहास दिली गेली, आणि या किल्ल्याच्या आंदणावरून पुढें दोन्ही शाह्यांत दीर्घ वैर माजलें. ही हकीकत फेरिस्ता सांगतो. पण त्याची तवारीख सतराव्या शतकाच्या आरंभींची, म्हणून तींतील रूप १५२४ चें धरतां येत नाहीं. शके १२३८ पासून फेरिस्त्यापर्यंत सुमारें तीन शतकें होतात. त्यांतच केव्हां तरी सोनलपूर लोपून सोलापूर रूढ झालें.

हा वाद केवळ अक्षरांचा नाहीं. सोळा गांवांची कथा खरी मानली, तर शहराचा जन्म शाही अमदानींत जातो, आणि ज्या पुरुषानें येथें तलाव बांधिला त्याचें गांव व आजचें शहर यांमधील धागा तुटतो. नांवाचा दुवा लागला, तर तोच धागा आठशें वर्षें अखंड असल्याचें दिसून येईल.

म्हणून ज्यांच्या संग्रहीं बहामनी किंवा आदिलशाही काळचीं फर्मानें, महजर वा वतनपत्रें असतील, त्यांनीं त्यांत या गांवाचें नांव अक्षरशः कसें लिहिलें आहे तें तारखेसह टिपून ठेवावें, अशी आमची विनंती आहे. नांव सुधारून लिहूं नये. लेखकानें चुकून लिहिलेलें वाटलें तरीही नाहीं. ज्या रूपाच्या शोधांत आम्ही आहों, तें कदाचित् अशाच एखाद्या 'चुकींत' दडलेलें असेल.