शाही लग्न आणि दाराबाहेरची माणसं

गेल्या हिवाळ्यात पुतणीचा रिश्ता पक्का झाला आणि आठवड्याभरात भाईजानचा फोन आला. "लोणावळ्याच्या बाजूला एक जागा बघितलीय. एकदम राजवाडा! तू इतिहासाचं लिहितोस ना, मग ये आणि बघून सांग."

भाईजानची कामशेतला लाकडाची वखार आहे. आयुष्यभर मोजूनमापून खर्च केलेला माणूस. पण एकुलत्या एका मुलीचं लग्न म्हटल्यावर त्यालाही 'शाही'चा मोह आवरला नाही. त्याला दोष कसा देणार? मावळात हल्ली दर शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची लग्नं उतरतात. ज्या खाचरांत कधी भात डुलायचा तिथे आता लॉन आहेत. आपल्या गावात येऊन लोक थाट करतात, मग आपण का नको, असं त्याला वाटलं असणार.

मी, भाईजान आणि पुतणी जागा बघायला गेलो. दारात बुरूज होते, नगारखाना होता, दोन बाजूंना तोफा होत्या. बुरुजावर टिचकी मारली तर आतून पोकळ आवाज आला. मॅनेजरने पॅकेज समजावलं. तुतारी, घोडा, मावळ्यांच्या वेशातली पोरं, नवरीसाठी पालखी. सगळं मिळणार होतं, अट एकच. पाहुणे तीनशेच्या वर नकोत. वरच्या प्रत्येक ताटाचे पैसे वेगळे, आणि तेही परवडू नयेत इतके.

गाडीत बसल्या बसल्या भाईजानने यादीवर काट मारायला सुरुवात केली. आधी वखारीतले हमाल गेले. मग मामूच्या गावची माणसं. मग गल्लीतली निम्मी घरं. शेवटी शेजारच्या आजींचं नाव आलं. पुतणी जन्मली तेव्हा सहा महिने तिला तेल लावून न्हाऊ घालणाऱ्या त्या याच. भाईजानचं पेन थोडं थांबलं. मग म्हणाला, "त्यांना घरी बोलावून वेगळं जेवण देऊ."

समोर लोहगड आणि विसापूर दिसत होते. खोट्या बुरुजांमागे खरा गड. मला राहवेना. म्हटलं, "भाईजान, राजवाडाच बघायचा असेल तर तळेगावला चला. आपल्या मावळातलं खरं शाही घर तिथे होतं."

तळेगावला आपण तळेगाव दाभाडे म्हणतो ते उगाच नाही. सरसेनापती खंडेराव दाभाड्यांचं हे गाव. इंद्रायणीकाठी इंदुरीची गढी त्यांचीच. दरवाजा आणि बुरूज अजून उभे आहेत, आत कडजाईचं देऊळ आहे. १७२९ मध्ये खंडेराव गेले. १७३१ मध्ये डभोईच्या लढाईत मुलगा त्र्यंबकराव मारला गेला, आणि समोरची फौज कुणा परक्याची नव्हती, खुद्द बाजीराव पेशव्यांची होती. त्यानंतर घराण्याचा कारभार उमाबाईंनी हाती घेतला. १७५० मध्ये पेशव्यांनी गुजरातच्या महसुलाचा वाटा मागितला तेव्हा याच उमाबाई आळंदीला जाऊन आपली अडचण सांगत होत्या. पुढच्याच वर्षी त्यांचे सरदार दमाजी गायकवाड कैद झाले आणि पुढे लोहगडावर डांबले गेले. दाभाड्यांचं कुटुंबही अटकेतून सुटलं नाही. म्हणजे ज्या गडाच्या पार्श्वभूमीवर आज नवरा-नवरी फोटो काढतात, तो मावळच्या सगळ्यात मोठ्या घराच्या पडत्या काळाचा साक्षीदार आहे.

"आणि लग्नं? तिथली लग्नं कशी व्हायची चाचा?" पुतणीने मागून विचारलं.

लग्नाचं विचारशील तर शनिवारवाड्याचं सांगतो, म्हटलं.

१० जानेवारी १७३० ला शनिवारवाड्याची पायाभरणी झाली, दोन वर्षांनी वास्तुशांत. त्या वाड्यात मस्तानीसाठी वेगळा महाल होता. उत्तरेच्या भिंतीतल्या एका दरवाजाला आजही मस्तानी दरवाजा म्हणतात. १७४० च्या सुरुवातीला पेशव्यांच्या घरी दोन मंगलकार्यं होती. राघोबादादांची मुंज आणि सदाशिवरावभाऊंचं लग्न. पुण्याच्या ब्रह्मवृंदाला मस्तानीचा संबंध मान्य नव्हता, त्याचं सावट या कार्यांवर पडलं. घरच्यांनी मस्तानीला नजरकैदेत टाकलं होतं. तिच्या नावाचा दरवाजा त्या घराला होता, पण त्या घरच्या मांडवात तिला जागा नव्हती. खुद्द बाजीराव मोहिमेवर होते. त्याच वर्षी २८ एप्रिलला नर्मदाकाठी रावेरखेडीला त्यांचा अंत झाला, आणि मस्तानीही फार जगली नाही. पाबळला तिची कबर आहे.

या गोष्टीचा उत्तरार्ध मात्र मला फार महत्त्वाचा वाटतो. मस्तानीचा मुलगा शमशेर बहादूर पेशव्यांच्याच घरात वाढला, मुसलमान म्हणून वाढला. १७६१ मध्ये पानिपतावर तो मराठ्यांच्या बाजूने लढला. जखमी अवस्थेत भरतपूरच्या मुलखात पोहोचला आणि तिथेच गेला. ज्या सदाशिवरावभाऊंच्या लग्नात त्याच्या आईला जागा नव्हती, त्याच भाऊंच्या सेनापतित्वाखाली तो लढला. मोठ्या घरचं लग्न वाचताना मी म्हणूनच आधी यादी बघतो. आत कोण होतं याच्या नोंदी सापडतात. बाहेर कोण राहिलं ते शोधावं लागतं, आणि घराण्याची खरी ओळख तिथेच पटते.

भाईजान काही बोलला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "ते राजे होते. आपण कर्ज काढून करणार."

हे मात्र त्याचं खरं होतं. पण लग्नापायी कर्ज हा आरोपही जपून करावा लागतो. १२ मे १८७५ ला आपल्याच जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. दख्खनचे दंगे म्हणून ते ओळखले जातात. तेव्हा साहेब लोक म्हणत, कुणबी लग्नात उधळपट्टी करतो म्हणून बुडतो. सरकारने नेमलेल्या आयोगाने चौकशी केली आणि नोंदवलं की लग्नखर्चाला या कर्जाचं कारण म्हणून वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिलं गेलंय. गरिबाला लग्नावरून उपदेश करणं सोपं असतं. मला तो उपदेश भाईजानला करायचा नव्हता. खर्चापेक्षा ती काट मारलेली नावं मला सलत होती.

आणि श्रीमंत मुसलमानाच्या थाटाचंच उदाहरण हवं असेल तर तेही पुण्यातच आहे. तिसरे आगाखान सुलतान मुहम्मद शाह यांचा पहिला निकाह १८९६ मध्ये पुण्यात झाला, चुलत बहीण शहजादी बेगम हिच्याशी. ते मुंबईत प्लेगने तोंड वर काढल्याचं वर्ष. त्या निकाहचा थाट आज किती जणांना ठाऊक आहे? ठाऊक आहे तो येरवड्याचा आगाखान पॅलेस, जो दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून बांधला गेला असं सांगतात. आठवतं ते हेच, की लोक लशीला घाबरत होते तेव्हा या तरुण इमामाने हाफकिनची लस चारचौघांत स्वतः टोचून घेतली, आणि मग त्यांच्या जमातीतले हजारो लोक पुढे आले. प्रयोगशाळेसाठी मुंबईतला आपला बंगलाही त्यांनी दिला. 'शाही' म्हणून काही मागे उरत असेल तर ते हे. लोकांसाठी उघडलेलं दार.

आपल्याकडे निकाहला लागतं तरी काय? दोघांची कबुली, दोन साक्षीदार, मेहर. वलीमा ऐपतीप्रमाणे, आणि ज्या वलीम्यात श्रीमंतांना बोलावून गरिबांना वगळलं जातं ते जेवण वाईट, हे तर प्रत्येक मौलवी सांगतो. आपण मान डोलावतो आणि हॉल बुक करायला जातो. मीही त्यातलाच. माझ्या वलीम्याला आम्ही कुणाकुणाला बोलावलं नव्हतं ते मला आजही आठवतं.

त्या रात्री घरी आल्यावर पुतणीने यादी मागितली. काट मारलेली नावं तिने एकेक करून वाचली. आजींच्या नावाशी आल्यावर अब्बांकडे बघून म्हणाली, "अब्बा, मैं पालकी में बैठूँगी और आजी गेट के भार? मेरे कू नई होना ऐसा राजवाडा."

भाईजान उठून वखारीत निघून गेला. दोन दिवस बोलला नाही. तोवर ॲडव्हान्स भरून झालेला होता. तो परत मिळाला नाही, आणि ती रक्कम थोडी नव्हती. अजूनही विषय निघाला की तो माझ्याकडे बघून म्हणतो, "तुझा इतिहास मला महागात पडला."

निकाह गावातल्या मशिदीत असरच्या नमाजनंतर झाला. वलीमा वखारीच्या मोकळ्या आवारात. हमालांनीच लाकडं बाजूला रचून जागा केली, त्यांनीच पंगती वाढल्या, आणि शेवटच्या पंगतीला भाईजान त्यांच्यासोबत जेवायला बसला. शाकाहारी शेजाऱ्यांसाठी वेगळी चूल होती, तिच्यावर इंद्रायणी तांदळाचा मसालेभात शिजत होता. माणसं किती आली ते कुणी मोजलं नाही. आजी सगळ्यात आधी आल्या होत्या. पुतणीची नजर काढून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "काय रे, त्या लोणावळ्याच्या वाड्याचं काय झालं?"

म्हटलं, "आजी, तो वाडा लहान पडला."